दुपारनंतरचं दुकान

१४ सप्टेंबर
ऑफिस

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात आलेला कागद न वाचता टाकणं तुझ्याच्याने होत नाही. पुड्या बांधायच्या रद्दीतल्या जुन्या जाहिरातीसुद्धा तू वाचत बसतोस, असं वहिनी सांगते.

पुराची बातमी आली तेव्हापासून जीव टांगणीला लागला होता. वहिनीशी बोलले तेव्हा कुठे जिवात जीव आला. पाणी वरच्या रस्त्याच्या चढाखालीच थांबलं, आपल्या दुकानाच्या पायरीला शिवलंही नाही. नदीकाठची पेठ मात्र पार धुऊन निघाली म्हणाली. औषधवाल्याचं कपाट पुलाच्या कठड्याला अडकून बसलंय आणि शिंप्याचं मशीन अजून गाळात आहे.

आमच्या संस्थेची माणसं गावात पोचली आहेत. रंगाच्या कारखान्याने पाणी उपसायचे पंप दिलेत, बिस्किटवाल्या कंपनीने आपलं गोदाम मोकळं करून दिलंय, बँकेने आपले कारकून पाठवलेत. आमचं काम तुला ठाऊक आहे. पूर असो की भूकंप, आम्ही जेवणाची पाकिटं वाटत नाही, ते करणारे पुष्कळ आहेत. गावातली दुकानं आणि कारखाने पुन्हा चालू करायचे, आणि ज्यांचे धंदे शाबूत आहेत त्यांच्याकडूनच ते करवून घ्यायचं, हाच माझा उद्योग. त्यातच केस पांढरे झाले.

ही माणसं तुझ्याकडे दोर, फावडी घ्यायला येतील. त्यांना पाणी विचार. शिव्या द्यायच्या असतील तर माझ्या नावाने इकडे पाठव, त्यांच्यावर खर्च करू नकोस. आणि पाठ सांभाळ. खिळ्यांच्या पेट्या उचलायला हमाल आहे.

तुझी,
वकील
(सारखी वाद घालते म्हणून नाव तूच ठेवलंस, आता भोग.)

ता. क. खरं काम खाली लिहिते, कारण वर लिहिलं असतं तर तू खाली आलाच नसतास. वरच्या रस्त्यावरच्या दुकानदारांनी बुडालेल्या दुकानदारांना आपला अर्धा काउंटर द्यायचा, असा आपल्या गावचा करार आहे. किराणावाल्याने किराणावाल्याला, औषधवाल्याने औषधवाल्याला. माल आमच्या कंपन्या देतात, जागा शेजाऱ्याने द्यायची. हार्डवेअरची दुकानं गावात दोनच. एक तुझं. दुसरं समोरच्याचं. तो खाली नदीकाठी मोठं दुकान थाटून बसला त्याला एक जमाना झाला, पण आपल्या घरात त्याचं नाव अजून समोरचाच. त्याच्या दुकानात छतापर्यंत पाणी होतं, दादा.

*

२१ सप्टेंबर
ऑफिस

दादा,

वहिनीचा फोन आला. पत्र तू उभ्याउभ्या वाचलंस, घडी केलीस आणि डुगडुगणाऱ्या पंख्याच्या पायाखाली सरकवलंस. पंखा आता हलत नाही, असंही ती म्हणाली. चला, माझ्या लिहिण्याचा काहीतरी उपयोग झाला.

आणि तू म्हणालास, "तिला म्हणावं, बाबांचं दुकान जळलं तेव्हा त्याने काय दिलं ते आधी त्याला विचार."

विचारायची गरज नाही. काही दिलं नाही. मी विसरले असं तुला वाटत असेल तर तसं नाही. आग लागली तेव्हा तो समोर आपल्या दारात उभा होता आणि दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीच्या वेळी दुकान उघडलं. आपल्याकडे मात्र लोकांची रीघ लागली. कुणी चादरी आणल्या, कुणी भांडी, कुणी शिजवलेलं अन्न. आई कुणाकुणाचं भांडं परत करायचं ते लक्षात ठेवून दमली. आणि बाबा रोज सकाळी आंघोळ करून, शर्टाला इस्त्री करून त्या काळ्या भिंतीपुढे जाऊन उभे राहायचे. समोर त्यांचीच गिऱ्हाइकं त्याच्या पायरीवर चढायची. त्यातले काही बाबांना नमस्कारही करायचे. मग बाबा घरी येऊन शर्ट काढून ठेवायचे. तू दुकान पुन्हा उभं केलंस, एकट्याने केलंस, पण तोवर बाबांची दुकानात बसायची सवयच मोडली होती. धडधाकट माणूस होता. आगीने त्यांना काही केलं नव्हतं. रिकामं बसणं त्यांना खाऊन गेलं.

मी हे सगळं डोळ्यांनी बघितलं, म्हणून मी हा उद्योग करते.

तुला वाटतं की मी शहरातल्या नोकरीच्या मागे पळाले. नोकरी केली हे खरं, मालवाहतुकीच्या कंपनीत. तिकडे डोंगराळ भागात भूकंप झाला आणि कंपनीने मला घोंगड्यांचे ट्रक घेऊन पाठवलं. मी रांग लावून घोंगड्या वाटत होते. मोठ्या तोऱ्यात होते बरं का, गळ्यात ओळखपत्र वगैरे. रांगेत एक म्हातारा होता, त्याच्या खांद्यावर चांगल्या जाड घोंगड्यांचा गठ्ठा. मी म्हटलं, आजोबा, तुमच्याकडे आहेत की. तो म्हणाला, "या विकायच्या आहेत, बाई. पण तुम्ही आलात, आता कोण घेतंय? म्हटलं, आपणही एक घेऊन जावी." त्याच्या बोलण्यात रागही नव्हता. मी त्याला एक दिली. दुसरं काय करणार? पण परत येताना ट्रकमध्ये मला इस्त्रीचा तो शर्ट दिसत राहिला.

मग नोकरी सोडली आणि कंपन्यांच्या दारोदार फिरले. म्हटलं, तुमच्या घोंगड्या नकोत, त्या म्हाताऱ्याला दुकान मांडून द्या, पंप द्या, वीजवाला द्या, रस्ता मोकळा करून द्या. लोकांच्या हातात कूपन द्या आणि ते गावातल्याच दुकानात चालू दे. सुरुवातीला सगळे हसले. समाजसेवावाले मला शेठजींची बाई म्हणायचे आणि शेठजी मला समाजसेविका म्हणून दारातच थांबवायचे. धोबी का कुत्ता, असं जे म्हणतात ते मी. पण मी चिकट आहे, आपल्या दुकानातल्या सरसासारखी.

मग आपल्या गावात कराराची सभा घेतली. पूर कधीतरी येणारच, तेव्हा कोण कुणाला अर्धा काउंटर देईल ते आधीच ठरवून ठेवू, असं मी म्हटलं आणि पहिला हात समोरच्याने वर केला. तू खुर्ची मागे सारलीस आणि निघून गेलास. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. मी तुझ्या मागे आले नाही, कारण माझ्यापुढे गावातले सगळे दुकानदार बसले होते. आजही मी तेच केलं असतं.

तेव्हापासून कराराच्या यादीत त्याच्या नावापुढची जागा रिकामी आहे. त्याच्या जोडीला घालण्यासारखं दुकान गावात एकच आहे.

वकील

*

२ ऑक्टोबर
ऑफिस

दादा,

आज आमच्या कार्यकारिणीची बैठक झाली. छपराचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्याचे मोठे साहेब आमचे अध्यक्ष आहेत. माणूस दिलदार आहे, पण दिलदार माणसाला घाई फार. त्यांना आपल्या गावात ट्रक पाठवायचेत. पत्रे, खिळे, तार, सगळं फुकट. ट्रकला कापडी फलक लावायचा, त्याचं डिझाईनसुद्धा तयार होतं. थंडी तोंडावर आली आहे, लोक उघड्यावर आहेत, हार्डवेअरमध्ये तुमचा करार झालेलाच नाही, मग अडवता कशाला, असं त्यांनी मला विचारलं. त्यांचं चूक म्हणता येत नाही.

मी म्हटलं, ट्रक आले तर समोरचा कायमचा संपला. आणि ज्याचं दुकान कोरडं राहिलं तोही कोरड्यात बुडेल, कारण सगळ्यांच्या अंगणात फुकटचे खिळे पडले की वर्षभर त्याच्याकडे कोण येणार? पुढच्या पावसात छप्पर उडालं की खिळे घ्यायला लोक जाणार कुठे?

ते म्हणाले, "मग त्या कोरड्या दुकानदाराला तयार करा."

मी म्हटलं, करते, तो माझा भाऊ आहे.

"बोलता का एकमेकांशी?"

"लिहिते," मी म्हटलं.

सगळे हसले. मीही हसले, पण बरं वाटलं नाही. पुढच्या बैठकीपर्यंत ट्रक थांबवलेत. तोवर तुझ्याकडून काही आलं नाही तर ते निघतील आणि मला थांबवता येणार नाहीत. उपाशी माणसाला तत्त्व खाऊ घालता येत नाही, एवढं मलाही कळतं.

आणखी एक. किराणावाल्यांनी काउंटर वाटून घेतला. औषधवालाही आपल्या भावबंदाकडे बसतो. पण कापडवाला म्हणतो, आधी व्यापारी संघाच्या अध्यक्षांनी द्यावा, मग आम्ही देऊ. भांडीवाला म्हणतो, कापडवाल्याने दिला की देऊ. व्यापारी संघाचा अध्यक्ष कोण, हे तुला सांगायला नको. बिनविरोध निवडून आलास म्हणून वहिनीने गल्लीभर साखर वाटली होती.

तुझ्या रागाशी मी भांडत नाही. राग तुझा आहे, रास्त आहे, तो तुझ्याजवळ ठेव, जन्मभर ठेव. मला तुझा राग काढून घ्यायचा नाही. मला फक्त जागा हवी.

वकील

*

९ ऑक्टोबर
ऑफिस

दादा,

तुझं कार्ड आलं. नमस्कार नाही, सही नाही, पण अक्षर कुठे लपतं? मी ते आमच्या हिशेबनीसबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्यांनी पाणी आणून दिलं. तू काय लिहिलंस ते तुलाच पुन्हा वाचायला देते, म्हणजे उद्या नाकबूल करायला नको:

"अर्धा काउंटर देणार नाही. त्या माणसाच्या शेजारी उभा राहणार नाही. दुपारी दोन वाजता मी घरी जातो. त्यानंतर दुकानात कोण बसतं ते बघायला मी तिथे नसतो. चावी घरी मिळेल."

तू दुपारी दोन वाजता घरी जातोस? कधीपासून? दिवे लागेपर्यंत तुला दुकानातून हलवायला वहिनीला निरोपावर निरोप पाठवावे लागतात. आत्ता, गावाला खिळ्याखिळ्याची गरज असताना, तू अर्धा दिवस सोडलास. धंद्याचा अर्धा दिवस म्हणजे काय, हे मला समजावू नकोस, मी त्याच घरातली आहे. आभार मानत नाही, मानले तर चावी परत घेशील.

लगेच समोरच्याला फोन लावला. तो म्हणाला, "नको पोरी. त्याला माझं तोंड बघायचं नसेल."

मी म्हटलं, म्हणूनच तर तो घरी जातोय.

तो तयार झाला. साहेबांनाही पटलं, किंवा माझ्या आवाजाला कंटाळून त्यांनी पटलं म्हटलं. ट्रक येतील, पण फलकाशिवाय. माल समोरच्याच्या नावावर उतरेल, लोकांना कूपन मिळेल, आणि ते सकाळी तुझ्याकडे चालेल, दुपारी त्याच्याकडे. कुणाकडून घ्यायचं ते ज्याचं त्याने बघावं.

अर्धा काउंटर जमत नसेल तर अर्धा दिवस, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते तुझ्या हट्टातून निघालं. नियमांच्या पुस्तिकेत घालणार आहे, तुझं नाव न घालता.

वकील

*

२६ ऑक्टोबर
तुझ्या घराची बाहेरची खोली

दादा,

तुझ्याच घरात बसून तुला पत्र लिहिते आहे. तू आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचतोयस, पान उलटल्याचं ऐकू येतंय. सकाळी मी आले तेव्हा तू वहिनीला म्हणालास, "पाहुण्यांना चहा दे." पाहुण्यांनी चहा घेतला. वहिनी म्हणते, तुम्हा दोघांच्या मध्ये टपालखातं होऊन तिचे पाय दुखायला लागले. हे पत्रही तीच आणून देईल.

आज दुपारी तू घरी आल्यावर मी दुकानात गेले. वाटलं होतं, छाती अभिमानाने फुगेल. तसं झालं नाही. मी रस्त्यावरूनच बघितलं, समोरचा तुझ्या काउंटरमागे उभा होता, तार मोजत होता. ज्या जागी आग लागायच्या आधी बाबा उभे राहायचे, तिथे. मी पायरी न चढता तशीच पुढे निघून गेले, थेट स्टँडपर्यंत. तिथे बाकावर बसले आणि मला त्या माणसाचा राग आला, तुझा आला, या सगळ्या कल्पनेचा आला. किती गावांत किती दुकानदारांपुढे उभं राहून मी सांगितलंय, मन मोठं करा. मन मोठं करा म्हणायला नुसती जीभ लागते, दादा. तू रोज दोन वाजता दुकानातून उठतोस तेव्हा काय करतोस, हे मला आज कळलं.

बसने निघून जावं असं वाटलं. गेले नाही. जी गोष्ट मी तुझ्याकडून करवून घेतली ती मला बघवत नाही म्हणून पळाले असते, तर उद्या कुठल्या तोंडाने सभा घेतली असती? उठले आणि परत आले. पायरी चढले.

तो तुझ्या खुर्चीवर बसत नाही. स्वतःची घडीची खुर्ची घरून आणतो आणि संध्याकाळी घेऊन जातो. तुझा पेन, तुझी कात्री, कशाला हात लावत नाही. फार म्हातारा झालाय. गिऱ्हाइकाने बिजागऱ्या मागितल्या तर कुठल्या फळीवर आहेत ते त्याला सापडत नाही, आणि विचारायचं कुणाला?

भिंतीवर बाबांचा फोटो नव्हता, नुसता खिळा होता. संध्याकाळी वहिनीने सांगितलं की तू रोज दोन वाजता तो उतरवून पिशवीत घालून घरी आणतोस आणि सकाळी पुन्हा टांगतोस. मला हसू आलं आणि नंतर ओढणीने डोळे पुसावे लागले.

तो खिळा समोरच्यानेही बघितलाय. मी निघाले तेव्हा त्याने मला थांबवलं. मी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"तुझ्या वडिलांचं दुकान जळलं तेव्हा मी जागा दिली नाही. कुणी मागितली नव्हती, हे खरं. पण मागितली असती तर दिली असती का, ते मला अजून सांगता येत नाही. तुझ्या भावाला म्हणावं, फोटो दुपारी असू दे. मला त्यांच्यासमोर बसू दे."

हे मी तुला वळवायला लिहीत नाही. तू जेवढं दिलंस तेवढ्यात गाव उभं राहतंय. खालच्या पेठेत छपरं चढताना मी आज डोळ्यांनी बघितली. पण कापडवाला अजून अडून बसलाय. म्हणतो, अध्यक्षांनी दुकान दिलं कुठे, ते तर झोपायला घरी जातात. त्याला उत्तर तू दे किंवा देऊ नकोस. समोरच्याचा निरोप मात्र मला अडवून ठेवता येईना.

उद्या सकाळच्या बसने निघते.

वकील

*

६ नोव्हेंबर
दुसऱ्या गावाचं विश्रामगृह

दादा,

इथे वादळाने बाजारपेठेचं छप्पर उचलून नेलंय. उद्या सभा आहे. इथेही कुणीतरी खुर्ची मागे सारून उठेल, प्रत्येक गावात एक उठतोच. पूर्वी मी अशा माणसाला सगळ्यांसमोर पटवत बसायचे. आता मी त्याच्या दुकानात जाऊन एवढंच विचारणार, की साहेब, दिवसातून कुठल्या वेळेला तुम्ही इथे नसता?

वहिनीशी आत्ताच बोलले. तिने सगळं सांगितलं, तू कितीही 'सांगू नकोस' म्हणालास तरी तिच्या पोटात काही राहत नाही.

परवा दुपारी तू घरी आलास तेव्हा हातात पिशवी नव्हती. वहिनीने ते बघितलं आणि पान वाढलं. जेवलास, पडलास, उठलास आणि चष्मा दुकानात विसरला म्हणून निघालास. चष्मा तुझ्या खिशात होता, असं ती शपथेवर सांगते. दुकानात गवंडी बिजागऱ्या मागत होता आणि समोरचा फळ्या धुंडाळत होता. तू दारातूनच म्हणालास, "वरच्या फळीवर, डावीकडे." आगीनंतर त्या माणसाशी तू बोललेले हे पहिले शब्द. मग आत आलास, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला रंग हवा होता आणि समोरच्याला तो डबा वरून काढता आला नसता. मग आणखी एक गिऱ्हाईक आलं. दिवे लागेपर्यंत तुम्ही दोघं काउंटरमागे होतात. एकमेकांशी अवाक्षर नाही, गिऱ्हाइकांशी भरपूर. रस्त्यापलीकडून कापडवाला हे बघत होता. आज सकाळी त्याने आपला काउंटर मोकळा करून दिला.

मला आनंद झालाय, दादा. तो कुठे ठेवू असं झालंय, म्हणून लिहिते आहे.

वहिनीने तुला विचारलं म्हणे, की बंद करताना शटर दोघांनी मिळून का ओढलंत. तू म्हणालास, गंजून जड झालंय, एका माणसाला ओढवत नाही.

ते शटर गेल्या भेटीत मी एका हाताने ओढलं होतं.

वकील